जुन्या नोकरीतील 'पीएफ' कुठे आहे?

नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला आठवणीने घेतला जातो; भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक मात्र अनेकदा विसरला जातो. पुढे कंपनीला टाळे लागते आणि 'ते पैसे बुडाले' असे समजून खातेदार गप्प बसतो. हा समज बहुतांशी चुकीचा आहे.

पगारातून कापलेली रक्कम व मालकाचा हिस्सा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जमा होतो. काही मोठ्या कंपन्यांचे यासाठी स्वतःचे विश्वस्त मंडळ असते. त्यामुळे कंपनी बंद पडली तरी जमा झालेल्या रकमेवरील खातेदाराचा हक्क संपत नाही.

खाते कसे शोधावे?

२०१४ मध्ये कायमस्वरूपी 'यूएएन' क्रमांक येण्यापूर्वी प्रत्येक नोकरीत नवे खाते उघडले जाई. त्या क्रमांकातील पहिली अक्षरे राज्य व कार्यालय दर्शवितात (उदा. 'एमएच/बीएएन' म्हणजे मुंबईतील वांद्रे कार्यालय), नंतरचे आकडे आस्थापना आणि शेवटचे कर्मचारी. जुनी पगारपत्रके वा निधीची वार्षिक पावती यांवर तो सापडतो. न सापडल्यास संघटनेच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावावरून आस्थापना क्रमांक शोधावा आणि नियुक्तिपत्र, जन्मतारीख व नोकरीचा कालावधी यांसह संबंधित कार्यालयात अर्ज करावा. बंद कंपनीच्या बाबतीत दाव्यावर राजपत्रित अधिकारी किंवा आपल्या बँकेच्या व्यवस्थापकाचे साक्षांकन घेता येते. खातेदार हयात नसल्यास नामनिर्देशित व्यक्ती वा वारस दावा करू शकतात.

विलंबाची किंमत

एप्रिल २०११ पासून ३६ महिने निष्क्रिय राहिलेल्या खात्यांवरील व्याज थांबविण्यात आले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये हा नियम बदलला. मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याला आता वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळते. खाते निष्क्रिय ठरल्यानंतर सात वर्षे कोणी दावा केला नाही, तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. त्यानंतरही २५ वर्षे ती मागता येते. पुढे मात्र ती सरकारजमा होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. एका ठिकाणची सहा आणि दुसरीकडची पाच वर्षे जोडली, तर ही अट पूर्ण होते. म्हणूनच जुने खाते सापडताच रक्कम काढून घेण्याची घाई न करता, नोकरी चालू असल्यास ते सध्याच्या खात्यात वर्ग करून घेणेच हिताचे.