नौदलप्रमुखांचा शेजारधर्म



आपल्या धुळे जिल्ह्यातला एक जवान २९ सप्टेंबर २०१६ रोजी काश्मीरच्या ताबारेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानी सैन्याच्या हाती सापडला, हे आपणांस आठवत असेल. ती बातमी ऐकली आणि त्या धक्क्याने त्याची आजी गेली. दोन्हीकडचे लष्करी अधिकारी आपसांत बोलत राहिले, आणि जवळजवळ चार महिन्यांनी, २१ जानेवारी २०१७ ला, तो वाघा सीमेवरून परत आला. जळगाव-धुळ्याकडे ज्या घरचा मुलगा फौजेत आहे, त्या घराला हे चार महिने कसे गेले असतील ते मी सांगायला नको.

बोलणे चालू होते म्हणून माणूस परत आला. दोन देशांतले हे बोलणे तुटू नये म्हणून ज्यांनी निवृत्तीनंतरची वर्षे खर्ची घातली, अशा एका गृहस्थांची आज ओळख करून देतो. त्यांचे नाव अॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. जन्म १९३३ चा, मुंबईत माटुंग्याचा. १९७१ च्या युद्धात ‘ब्यास’ या युद्धनौकेचे ते कप्तान होते. बंगालच्या उपसागरात पाकिस्तानची नाकेबंदी करण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. तेव्हा युद्धाला भिऊन सलोख्याच्या गोष्टी करणारा हा माणूस नव्हे. पुढे १९९० ते १९९३ ते नौदलप्रमुख होते. (आपल्या लेकींना नौदलात अधिकारी म्हणून प्रथम प्रवेश मिळाला तो १९९२ साली, त्यांच्याच कारकिर्दीत.)

निवृत्त झाल्यावर एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस मुंबई-दिल्लीत बंगला बांधून राहता. हे मात्र रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ भायमळा गावी गेले आणि पत्नी ललिताबाईंसह शेती करू लागले.

त्याच सुमारास, १९९४ साली, दोन्ही देशांतल्या काही मंडळींनी ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम’ ही संस्था काढली. सरकारे बोलोत न बोलोत, दोन्हीकडच्या साध्या माणसांनी भेटत राहावे, हा तिचा हेतू. १९९५ साली दिल्लीत पहिले संयुक्त अधिवेशन भरले. भारतातल्या शाखेची धुरा रामदासांनी वाहिली. पलीकडे त्यांचे सोबती होते पत्रकार आय. ए. रेहमान. हे रेहमान मूळचे आपल्या हरयाणाकडचे, फाळणीत तिकडे गेलेले. २००४ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा भेटीगाठींनी काय साधते, असे कोणी विचारील. कोळ्यांचे उदाहरण घ्या. शेताला बांध असतो, हद्दीचा दगड असतो. समुद्रात काय खूण? त्यातून कच्छजवळच्या सर क्रीक खाडीची हद्द दोन्ही देशांत अद्याप ठरलेली नाही. मासळीमागे होडी थोडी पलीकडे गेली की खलाशी पकडले जातात, होडी जप्त होते. गुजरातच्या होड्यांवर मजुरीला जाणारे आपल्या पालघर जिल्ह्यातले आदिवासी यात सापडतात. शिक्षा संपली तरी हा आमचाच नागरिक असे त्याच्या देशाने कळवीपर्यंत सुटका नाही. घरी कमावता हात नाही, आणि माणूस जिवंत आहे की नाही हेही कळत नाही. रामदास आणि त्यांचे सोबती या कैद्यांसाठी दोन्ही सरकारांकडे तगादा लावीत राहिले. २००८ साली दोन्ही सरकारांत करार झाला, आणि त्याप्रमाणे दर १ जानेवारी व १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्याव्या लागतात. यादीत नाव आले की निदान घरच्यांना ठावठिकाणा लागतो.

वाट सोपी नव्हती. १९९९ ला कारगिल झाले, २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. असे घडले की सलोख्याचे नाव काढणाऱ्याला लोक बोल लावतात, आणि ज्यांची माणसे गेली त्यांचा राग खोटा कसा म्हणावा? मलाही अॅडमिरलसाहेबांचे सगळेच म्हणणे पटते असे नाही. पण माझ्या नोकरीत मी बांधाचे तंटे पुष्कळ पाहिले. कोर्टात दावा चालू असतो, तारखेला दोघे एकाच एस.टी.ने जातात, आणि खळ्याला आग लागली की एकमेकांसाठी घागर घेऊन धावतात. दावा चालेना का, पण बोलचाल तुटली की घागरही येत नाही.

कापूसवाल्यांना याची झळ ठाऊक आहे. भारताचा कापूस पाकिस्तानच्या गिरण्यांत जाई. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी व्यापार बंद केला. ३१ मार्च २०२१ ला त्यांच्या अर्थसमितीने भारतीय कापूस व साखर घेण्याचे ठरवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने ते फिरवले!

रेहमान २०२१ साली वारले, रामदास १५ मार्च २०२४ रोजी. २०२५ च्या एप्रिलात पहलगामला निरपराध माणसे मारली गेली, मे महिन्यात दोन्ही देशांत लढाई पेटली, अटारीचा रस्ता बंद झाला. तरीही त्या वर्षी १ जुलैला कैद्यांच्या याद्या ठरल्याप्रमाणे दोन्हीकडून दिल्या गेल्या.