व्हिएन्ना : पर्यटन व विहारस्थळे

व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी व यूरोपातील एक अग्रगण्य पर्यटनकेंद्र आहे. क्षेत्रफळ सु. ४१५ चौ. किमी.; लोकसंख्या सु. २० लाख (२०२३). आल्प्स पर्वताच्या ईशान्य टोकाच्या टेकड्या जेथे डॅन्यूब नदीला येऊन भिडतात, तेथे हे शहर वसलेले आहे. राजवाडे, वस्तुसंग्रहालये व संगीत यांबद्दल त्याची ख्याती आहेच; परंतु वने, उद्याने, शेते, द्राक्षमळे व जलाशय यांनी शहराची सु. निम्मी भूमी व्यापली आहे, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य होय. ही संपदा केवळ निसर्गाची देणगी नाही. राजघराण्याच्या राखीव भूमी लोकांना खुल्या होणे आणि विक्रीस निघालेली वने लोकमताच्या दडपणामुळे वाचणे, अशा दोन प्रकारच्या घटनांतून ती सु. अडीचशे वर्षांच्या काळात सार्वजनिक झाली आहे.

राजोद्यानांचे सार्वजनिकीकरण : शहराच्या पूर्वेस डॅन्यूबच्या पूरमैदानात असलेले प्राटर हे हॅप्सबर्ग राजघराण्याचे शिकारीचे रान होते. सम्राट दुसरा मॅक्सिमिल्यन याने सोळाव्या शतकात त्याला कुंपण घातले. मारिया टेरीझा हिचा पुत्र व सहशासक दुसरा योझेफ याने १७६६ मध्ये ते सर्वांना खुले केले. या निर्णयाबद्दल सरदारवर्गाने कुरकुर केली, तेव्हा ‘मला केवळ बरोबरीच्यांतच वावरायचे असेल, तर पूर्वजांच्या दफनगृहातच फेऱ्या माराव्या लागतील’ असे त्याने उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. प्राटर खुले झाल्यावर तेथे उपाहारगृहे, कॉफीगृहे व खेळ उभे राहिले आणि त्यांतूनच आजचे मनोरंजन उद्यान विकसित झाले. १८७३ चे जागतिक प्रदर्शन येथेच भरले. १८९७ मध्ये वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने उभारलेला सु. ६५ मी. उंचीचा आकाशपाळणा हे शहराचे बोधचिन्हच बनले आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला. १९४७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याच्या मूळच्या तीस डब्यांपैकी पंधराच बसविण्यात आले. त्या गजबजाटापलीकडे चेस्टनट वृक्षांनी सावली धरलेला सु. ४.४ किमी. लांबीचा सरळ मार्ग असून तो फिरणारे, धावपटू व सायकलस्वार यांचा आवडता आहे.

योझेफनेच १७७५ मध्ये आउगार्टन हे उद्यान खुले केले. ते सर्व माणसांच्या आनंदासाठी अर्पण केल्याचा लेख त्याच्या प्रवेशद्वारावर आजही आहे. या वचनाचा भंगही व्हिएन्नाने पाहिला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाल्यावर ज्यूंना उद्यानांत प्रवेश व बाकांवर बसणे मना करण्यात आले. पुढे महायुद्धात आउगार्टनमध्ये विमानविरोधी तोफांसाठी काँक्रीटचे प्रचंड मनोरे बांधण्यात आले; ते तेथे अद्याप उभे आहेत.

शहराच्या पश्चिमेकडील शोनब्रुन राजवाडा हे सर्वाधिक गर्दी खेचणारे प्रेक्षणीय स्थळ होय. त्यात सु. १,४४० खोल्या आहेत. सहा वर्षांच्या मोट्सार्टने १७६२ मध्ये येथे मारिया टेरीझापुढे वादन केले. सम्राट फ्रांट्स योझेफ याचा जन्म (१८३०) व मृत्यू (१९१६) याच वास्तूत झाला. राजवाड्याच्या उद्यानातील प्राणिसंग्रहालय १७५२ मध्ये स्थापन झाले असून अखंड चालू असलेल्या जगातील प्राणिसंग्रहालयांत ते सर्वांत जुने मानतात. राजवाडा व उद्याने यांचा १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला.

अंतर्नगर : जुन्या शहराच्या मध्यभागी सेंट स्टीफन कॅथीड्रल असून त्याचा सु. १३६ मी. उंचीचा दक्षिण मनोरा १४३३ मध्ये पूर्ण झाला. जुन्या शहराभोवतीचा तट पाडण्याचा आदेश फ्रांट्स योझेफने १८५७ मध्ये दिला आणि त्या जागी झालेला रिंगश्ट्रासे हा वलयाकार राजमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. या मार्गावर ऑपेरागृह (१८६९), संसदभवन, नगरभवन, विद्यापीठ, नाट्यगृह तसेच निसर्गेतिहास व कला यांची समोरासमोर उभी असलेली दोन वस्तुसंग्रहालये आहेत. मार्गालगत उद्यानेही राखलेली असल्यामुळे पायी फिरणाऱ्यास वास्तू व वनश्री यांचा आळीपाळीने लाभ होतो. शहरातील कॉफीगृह हीदेखील विश्रांतीची एक संस्थाच आहे. कॉफीच्या पेल्यासोबत पाण्याचा ग्लास येतो आणि एका पेल्यावर वृत्तपत्रे वाचत तासन् तास बसणाऱ्यास कोणी उठवीत नाही. या कॉफीगृह-संस्कृतीची नोंद २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली.

वीनरवाल्ट : शहराच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस बीच, ओक इ. वृक्षांनी आच्छादलेल्या टेकड्यांचा हा विस्तीर्ण वनप्रदेश आहे. १८६६ च्या प्रशियाबरोबरील युद्धातील पराभवानंतर तिजोरी भरण्यासाठी शासनाने या वनाचा काही भाग विकण्याचे ठरविले व लाकूडतोडीची कंत्राटे दिली. योझेफ शोफेल (१८३२–१९१०) या माजी लष्करी अधिकाऱ्याने १८७० पासून वृत्तपत्रांत लेखमाला लिहून या व्यवहारातील गैरप्रकार उघडकीस आणले. त्याच्यावर खटले भरण्यात आले. तथापि लोकमत त्याच्या बाजूने वळले आणि १८७२ मध्ये विक्रीची योजना शासनाला सोडून द्यावी लागली. पुढे नगरपरिषदेने १९०५ मध्ये शहराभोवती वने व कुरणे यांचा पट्टा कायमचा राखून ठेवण्याचा ठराव केला. वाढत्या शहराने या टेकड्या गिळल्या नाहीत, याचे श्रेय मुख्यत्वे या दोन घटनांना द्यावे लागते. वीनरवाल्ट २००५ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे.

या वनातील भटकंती आरंभी सधन वर्गाची मानली जाई. ती श्रमिकांनाही साध्य व्हावी, या हेतूने १८९५ मध्ये व्हिएन्नात ‘नाटूरफ्रॉइंडे’ (निसर्गमित्र) ही संघटना स्थापन झाली; पुढे ऑस्ट्रियाचा अध्यक्ष झालेला कार्ल रेनर तिच्या संस्थापकांपैकी एक होता. आज शहर प्रशासनाने आखलेल्या क्रमांकित पाऊलवाटांच्या आरंभस्थानी सार्वजनिक वाहनाने पोहोचता येते. त्यांपैकी पहिली वाट कालेनबेर्ख (४८४ मी.) या टेकडीवर जाते. येथूनच पोलंडचा राजा यान सोबीएस्की याच्या नेतृत्वाखालील सैन्याने १२ सप्टेंबर १६८३ रोजी उतरून ऑटोमन तुर्कांचा वेढा उठविला. टेकडीवरून सर्व शहर व डॅन्यूबचे पात्र नजरेत येते. नैर्ऋत्येकडील लाइन्स येथील तटबंद राजकीय मृगयावन पहिल्या महायुद्धानंतर लोकांना खुले झाले. तेथे रानडुकरे व हरिणे मोकळी हिंडताना दिसतात.

द्राक्षमळे व हॉइरिगर : व्हिएन्नाच्या नगरसीमेत शेकडो हेक्टर द्राक्षमळे असून एवढ्या मोठ्या राजधानीत हे दृश्य विरळाच. बागाइतदारांना स्वतःच्या मळ्यातील मद्य स्वतःच्या आवारात विकण्याची मुभा योझेफने १७८४ मध्ये दिली. त्यातून ‘हॉइरिगर’ ही साधी मद्यगृहे उदयास आली. नवे मद्य उपलब्ध असल्याची खूण म्हणून दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगतात. ग्रिन्झिंग, नुसडोर्फ, श्टामर्सडोर्फ इ. जुन्या गावांतील अंगणांत लाकडी बाकांवर अनोळखी माणसेही एकत्र बसतात. जवळच्या हायलिगेनश्टाट येथे बेथोव्हनने १८०२ मध्ये आपल्या बहिरेपणाची व्यथा सांगणारे प्रसिद्ध पत्र लिहिले. ते त्याने कोणालाही पाठविले नाही.

डॅन्यूबचा काठ : १८७०–७५ दरम्यान नदीचे पात्र सरळ केल्यावर जुना प्रवाह सरोवरासारखा उरला. ‘जुनी डॅन्यूब’ या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय पोहणे व नौकाविहार यांसाठी लोकप्रिय आहे. पुरापासून संरक्षणासाठी १९७२–८८ या काळात मुख्य पात्राला समांतर असा दुसरा प्रवाह खोदण्यात आला. त्यातून निघालेल्या मातीचे सु. २१ किमी. लांबीचे चिंचोळे बेट तयार झाले. मूळ हेतू पूरनियंत्रणाचा असला, तरी शहरवासीयांना त्यामुळे विनामूल्य स्नानाचे किनारे, कुरणे व सायकलमार्ग मिळाले. शहराच्या पूर्वेस हाइनबुर्ख येथे जलविद्युत् केंद्रासाठी नदीकाठचे पाणथळ वन तोडण्याचा बेत होता. डिसेंबर १९८४ मध्ये हजारो नागरिकांनी कडाक्याच्या थंडीत तेथे तळ ठोकून वृक्षतोड थांबविली. १९९६ मध्ये या पट्ट्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचा लोबाउ हा भाग नगरसीमेतच आहे.

परिसरातील स्थळे : दक्षिणेस गंधकयुक्त उष्ण झऱ्यांचे बाडेन, ११३३ मध्ये स्थापन झालेला हायलिगेनक्रॉइट्सचा मठ व १८८९ मध्ये युवराज रूडॉल्फच्या मृत्यूमुळे दुर्दैवी प्रसिद्धी पावलेले मायरलिंग ही स्थळे एका दिवसाच्या सहलीत पाहता येतात. त्यांपलीकडील सेमरिंग रेल्वेमार्ग (१८५४) हा बोगदे व कमानी पुलांवरून आल्प्स ओलांडतो. श्नेबेर्ख (२,०७६ मी.) व राक्स या पर्वतांच्या भागातील झऱ्यांचे पाणी १८७३ पासून नळाने व्हिएन्नास येते, त्यामुळे सुटीत तेथे चढणारा नागरिक आपल्याच पिण्याच्या पाण्याच्या उगमाकडे जात असतो. पश्चिमेस मेल्क ते क्रेम्स यांदरम्यानच्या वाखाउ खोऱ्यात पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे, मेल्कचा भव्य मठ व इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड यास जेथे कैदेत ठेवले होते, तो ड्युर्नश्टाइनचा भग्न किल्ला आहे.

वाढती लोकसंख्या, घरांची मागणी व पर्यटकांची गर्दी यांचा ताण या भूमीवर आजही आहे. प्राटर एका आज्ञेने खुले झाले. वीनरवाल्ट व हाइनबुर्ख यांच्या रक्षणासाठी मात्र नागरिकांना दोनदा झगडावे लागले. व्हिएन्नाच्या सार्वजनिक विहारभूमीचा इतिहास हा त्यामुळे शासनाच्या औदार्याइतकाच नागरिकांच्या जागरूकतेचाही इतिहास ठरतो.