न्यूट्रिनो रूप बदलतो, म्हणजेच त्याला वस्तुमान आहे!



जो कण दिसत नाही, हाती लागत नाही, त्याला वस्तुमान आहे हे शास्त्रज्ञांना कसं कळलं? मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर देण्यासाठी फार मोठं गणित लागत नाही. आधी थोडी ओळख करून घेऊ.

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला मूलकण आहे. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये तो प्रत्यक्ष सापडला. त्याचे तीन प्रकार आहेत: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ न्यूट्रिनो. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम होताना यातला फक्त पहिला प्रकार जन्माला येतो. आपल्या नखाएवढ्या, म्हणजे १ चौरस सेंटिमीटर जागेतून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याचं वस्तुमान शून्य असावं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं.

सूर्याचा हिशेब जुळेना

अमेरिकेतल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, रेमंड डेव्हिस यांनी एक मोठी टाकी बसवली. तिच्यात ड्रायक्लीनिंगला वापरतात तो क्लोरीनयुक्त द्रव होता, तोही ६०० टनांहून जास्त. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला की त्याचा अरगॉन होतो. हे अरगॉनचे अणू मोजायचे, एवढंच काम! जॉन बाकॉल यांच्या गणिताप्रमाणे दिवसाला सरासरी साधारण दीड अणू तयार व्हायला हवा होता. मिळत होता जेमतेम अर्धा.

१९६८ मध्ये पहिले निष्कर्ष आले, पुढे पंचवीसेक वर्षं मोजणी चालली, आकडा मात्र एक तृतीयांशाच्या आसपासच राहिला. कोणी म्हणे प्रयोग चुकला, कोणी म्हणे सूर्याचं गणित चुकलं.

हवेतले न्यूट्रिनो काय म्हणाले?

अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की तिथेही न्यूट्रिनो तयार होतात. हे वातावरणीय न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले गेले १९६५ मध्ये, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर काम करत होते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही ते सापडले.

पुढचा मोठा धक्का जपानमधून आला. तिथल्या सुपर-कामिओकांडे या ५०,००० टन पाण्याच्या भूमिगत टाकीत न्यूट्रिनो कुठल्या दिशेने आला हे कळत असे. डोक्यावरच्या हवेतून येणारा न्यूट्रिनो जेमतेम वीसेक किलोमीटर प्रवास करतो. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने, खालून वर येणारा मात्र सुमारे १२,७०० किलोमीटर. पृथ्वी त्याला अडवत नाही, म्हणजे वरून आणि खालून सारखेच यायला हवेत, बरोबर? पण १९९८ मध्ये ताकाआकी काजिता यांनी जाहीर केलं, की खालून येणारे म्युऑन न्यूट्रिनो वरून येणाऱ्यांच्या जवळपास निम्मेच भरतात. ते नष्ट झाले नव्हते. लांबच्या प्रवासात त्यांचा प्रकार बदलला होता.

आता वस्तुमान कुठून आलं?

यासाठी प्रयोगशाळेतले दोन सारखे नादकाटे घ्या. एकत्र वाजवले तर सलग आवाज येतो. आता एकाच्या भुजेला थोडं मेण लावा आणि पुन्हा वाजवा. आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होत राहील. दोन्ही काटे तंतोतंत सारखे असते तर हा चढउतार झालाच नसता.

न्यूट्रिनोचंही असंच आहे. कुठलाही एक प्रकार म्हणजे वेगवेगळ्या वस्तुमानांच्या तीन लहरींचं ठरावीक मिश्रण. वस्तुमानं वेगळी, म्हणून प्रवासात लहरींचा ताल सुटत जातो आणि मिश्रण दुसऱ्याच प्रकारासारखं होतं. तिन्ही वस्तुमानं शून्य असती तर ताल सुटला नसता आणि प्रकारही बदलला नसता. म्हणून बदल दिसला, तिथेच वस्तुमान सिद्ध झालं.

मात्र चढउतार ऐकून दोन काट्यांमधला फरक कळतो, प्रत्येकाचं वजन नाही. न्यूट्रिनोच्या बाबतीतही या प्रयोगांतून फक्त फरक कळतो. वस्तुमान किती, हे अजून नेमकं मोजलेलं नाही. ते इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी आहे, एवढं जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगातून समजलं आहे.

सूर्याचं कोडं सुटलं

कॅनडातल्या सडबरी इथे, २ किलोमीटर खोल खाणीत, १,००० टन जड पाणी भरलेली टाकी होती. तिथे इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो वेगळे मोजता येत आणि तिन्ही प्रकार मिळूनही मोजता येत. २००१-०२ मध्ये आर्थर मॅक्डोनाल्ड यांच्या गटाने दाखवलं, की इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो एक तृतीयांशच आहेत, पण तिन्हींची बेरीज बाकॉल यांच्या गणिताशी जुळते! सूर्याच्या दाट गाभ्यातून बाहेर पडता पडताच यांच्यापैकी बहुतेकांत बदल घडलेला असतो. तिथेही वस्तुमानातला फरक लागतोच. काजिता आणि मॅक्डोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं, तर डेव्हिस यांना २००२ मध्येच मिळालं होतं.

वर्गात सांगताना

एक काळजी घ्या. 'न्यूट्रिनोला वाटेत वस्तुमान मिळतं' असं मुलांना सांगू नका. ते जन्मापासूनच असतं, आणि त्यामुळेच बदल घडतो. ते मुळात येतं कुठून, हा प्रश्न आजही खुला आहे.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डेव्हिस यांची मोजणी बरोबर होती, बाकॉल यांचं गणितही बरोबर होतं. चुकीचं होतं ते एक गृहीतक, 'न्यूट्रिनो बदलत नाही' हे, आणि ते तपासायचं फार थोड्यांच्या मनात आलं. मुलांचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की आपण लगेच आकडेमोड तपासायला लावतो. कधीतरी त्यांना हेही विचारू या: "तू सुरुवातीला काय धरून चालला होतास?"