मेंदूतलं 'भाषेचं केंद्र' आणि इतर सोयीस्कर समजुती

गणित जमलं नाही की 'मी राइट ब्रेनवाला' असं सांगून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. 2013 साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. भाषेसारखी काही कामं एका बाजूला झुकलेली दिसली, पण ज्याचा अख्खा डावा किंवा उजवा मेंदूच वरचढ आहे, असे गट काही सापडले नाहीत.

'एका कामाला एक कप्पा' ही समजूत मात्र जास्त चिवट आहे, कारण ती पाठ्यपुस्तकांतूनच आली. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक रुग्ण दगावला. कित्येक वर्षं त्याच्या तोंडून 'तान' एवढंच निघे. बोललेलं बहुतेक कळे. डॉक्टर पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा दिसली आणि तिथे वाणीच्या केंद्राची पाटी लागली. ब्रोका यांनी तो मेंदू चिरला नाही, जपून ठेवला. हे फार बरं झालं! 2007 साली त्याचाच एमआरआय प्रसिद्ध झाला. इजा पृष्ठभागापुरती नव्हती. खालच्या पांढऱ्या भागातले, दूरच्या भागांना जोडणारे लांब तंतूही तुटले होते. नुसत्या पाटीच्या जागेवर वाचा गेल्याचं खापर फोडता येत नाही.

मग सगळं सगळ्याशी जोडलेलं असतं का? तेही नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या बाह्यकात सुमारे 16 अब्ज चेतापेशी आहेत. सगळ्या एकमेकींना जोडायच्या म्हटलं तर तंतूंनाच कवटी पुरायची नाही. म्हणून बहुतेक जोडण्या शेजारीपाजारी आणि लांबच्या मोजक्या. त्यातल्या बऱ्याचशा काही ठरावीक भागांतून जातात. एसटीची जंक्शनं म्हणा ना.

'रिकामा बसलो की मेंदूही रिकामा' हेही खरं नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, ऊर्जेत मात्र सुमारे 20 टक्के. डोकं खाजवून काम केलं तरी एकूण खर्च फारसा वाढत नाही. 2001 साली मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी निवांतपणी जास्त सक्रिय असणाऱ्या भागांचं वर्णन केलं. 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात ते हेच. त्यातले काही भाग मोठी जंक्शनंही आहेत आणि अल्झायमरमधलं अमायलॉइड हे प्रथिन साचायला लागतं तेही बरंचसं इथेच.