पेपरवाल्याचा शुक्रवार

पहाटे ४.००
११ एप्रिल २०२५. अकोल्याचं बसस्थानक अजून पेंगतंय. छापखान्याची गाडी येते, गठ्ठे फुटपाथवर पडतात. भाऊ अर्ध्या ब्लेडनं सुतळी कापतात. वय पन्नाशीपार, लाईन टाकायला लागले तेव्हा शाळेत होते. आज दोनशे अंक. दीडशे घरोघरचे, पन्नास हातविक्रीचे. पाच रुपयांच्या अंकामागे दीड रुपया सुटतो.

पहिल्या पानावर २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा. काल संध्याकाळी त्याला घेऊन अमेरिकेहून आलेलं विमान दिल्लीत पालमला उतरलं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला सोळा वर्षं उलटून गेलीत.

४.२०
पुरवण्या घालायच्या. अंक उघडायचा, पुरवणी सरकवायची, क्लासचं पत्रक ठेवायचं, घडी घालायची. पत्रकामागे दहा पैसे. डाव्या अंगठ्यावर शाई चढत जाते. भाऊ वाचत नाहीत, मथळे मात्र नजरेतून जातात. हेडलीचं नाव दिसतं. राणाच्या इमिग्रेशन कंपनीची मुंबईतली शाखा दाखवून हा माणूस भारतात हिंडला आणि हल्ल्याच्या जागा टिपून गेला, असं तपास सांगतो.

४.५०
चहा, दहा रुपये. चहावाल्याच्या मोबाइलवर नवी बातमी : पटियाला हाऊस न्यायालयानं राणाला अठरा दिवसांची एनआयए कोठडी दिली. आदेश मध्यरात्रीनंतरचा. तोवर अंक गाडीत पडले होते. भाऊ गठ्ठ्याकडे बघतात. "हे नाही आलं पेपरात. आता सगळे मलेच इचारतीन."

५.३०
जठारपेठ. सायकलच्या पिशवीत पुढं साठ, मागच्या कॅरिअरवर बाकीचे. एका फाटकाशी निवृत्त मास्तर उभेच असतात.

"आनला काय रे त्याले?"

"आनला, गुरुजी. अठरा दिसाची कोठडी भेटली म्हनतात."

"पेपरात कुठं हाय?"

"उद्याच्यात येईन."

गुरुजी चष्मा लावून उभ्यानंच वाचतात. राणाला भारताच्या हवाली करू नका, अशी याचिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २१ जानेवारीला फेटाळली. १३ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी मोदींच्या शेजारी उभं राहून त्याला पाठवतो म्हणून जाहीर केलं. तरी राणा पुन्हा न्यायालयात गेला. ७ एप्रिलला तिथंही नकार. भाऊंना थांबायला वेळ नाही. अजून शंभर दारं बाकी आहेत.

६.१५
रतनलाल प्लॉट. तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. अंकाची गुंडाळी करून रबर लावायचं आणि ती खालूनच फेकायची. रबराची पाकिटं महिन्याला दोन लागतात. दुसऱ्या मजल्याची गॅलरी चुकली तर जिने चढावे लागतात. आज एकदाच चुकली.

जिना उतरताना भाऊ २७ नोव्हेंबर २००८ ची सकाळ सांगतात. लोक घराबाहेर येऊन थांबले होते. लाईन पुरी होण्याआधीच अंक संपले. हल्ल्यात एटीएसप्रमुख हेमंत करकरे गेल्याची बातमी होती. "वर्ध्याचे होते ना ते. लोक असे वाचत होते, जसं घरचंच मानूस गेलं." करकऱ्यांचं शिक्षण वर्ध्याला आणि नागपूरला झालेलं. त्या तीन रात्रींत १६६ माणसं गेली.

७.१०
मोर्णा ओलांडून जुनं शहर. पुलाच्या तोंडाशी मागचं चाक बसतं. पंक्चर, चाळीस रुपये. दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, एका हातात अंक धरून मोठ्यानं वाचतो. पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्यानं काल सांगितलं : राणा कॅनडाचा नागरिक आहे, वीस वर्षांत त्यानं आमची कागदपत्रं नवी करून घेतली नाहीत.

"मंग कोनाचा हाय तो?"

"कसाबच्या टायमालेही असंच केलं होतं त्याह्यनं," भाऊ म्हणतात.

खरंच आहे. ५ जानेवारी २००९ ला भारतानं पुराव्यांचे कागद पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या हाती दिले. तोवर नाकारत आलेल्या पाकिस्ताननं दोन दिवसांनी, हल्ल्यात जिवंत पकडलेला कसाब आपला नागरिक असल्याचं मान्य केलं, आणि ते उघड बोलणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला त्याच दिवशी पदावरून काढलं. कटातला मुख्य आरोपी लख्वी २०१५ साली रावळपिंडीच्या तुरुंगातून जामिनावर बाहेर आला, तो दिवसही १० एप्रिलच होता. हेडलीनं गुन्हा कबूल करताना भारतात पाठवणार नाही अशी हमी अमेरिकेकडून घेतली. २०१६ मध्ये त्याची साक्ष मुंबईच्या न्यायालयानं व्हिडिओवरून नोंदवली.

८.००
परत बसस्थानक. फरशीवर पन्नास अंक मांडलेले. एरवी दहा-बारा उरतात आणि सगळे परत घेतले जात नाहीत. उरलेले रद्दीत किलोवर जातात. आज साडेआठलाच शेवटचा अंक जातो. घेणारा पातूरच्या गाडीत चढता चढता सुटे शोधतो. भाऊ दहाच्या नोटेचे पाच परत करतात.

११.००
ऊन चढलंय. एजंटच्या ओट्यावर हिशेब. दोनशे अंकांचे तीनशे, घरोघरच्या अंकांतल्या पत्रकांचे पंधरा. त्यातून दोन चहा आणि पंक्चर मिळून साठ गेले. हातात दोनशे पंचावन्न.

संध्याकाळी ६.००
बिलं मागायची वेळ. एप्रिलचे अकरा दिवस झाले तरी मार्चचं बिल सात घरांनी दिलेलं नाही. "उद्या या" दोन ठिकाणी. गुरुजी बिलाचे पैसे मोजून देतात. पावतीवर सही करून घेतात आणि म्हणतात, "अठरा दिस झाले का सांगजो मले. पुढं कोर्टात काय होते, थे वाचाचं हाय. बाकीचे इसरतीन. मी नाही इसरनार."

भाऊ मान डोलावतात. गुरुजींचं खरं आहे. सोळा वर्षं ही चौकशी थोडी थोडी पुढं सरकली, कधी शिकागोच्या, कधी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात. मधली कित्येक वर्षं ती आतल्या पानावर दोन ओळींत होती, तेव्हाही भाऊंनी ती इथल्या दारांत पोचवली. मेलेल्यांच्या घरच्यांना निकाल हवा आहे, आणि तो लागेपर्यंत कुणीतरी विचारत राहायला हवं.

रात्री ९.००
एजंटला फोन. "उद्या वीस जास्त पाठवा." पलीकडून उत्तर येतं : जास्तीचे परत घेणार नाही. भाऊ क्षणभर हिशेब करतात. न खपले तर सत्तर रुपयांची खोट.

"पाठवा. कोठडीची बातमी उद्याच्या अंकात हाय."