सरकारी वकिलांना निरोप देताना

येरमाळ्याचा माणूस कोर्टाची पायरी चढतो ती कळंबला, नाहीतर धाराशिवला. हातात समन्स, पोटात गोळा. अशा वेळी 'घाबरू नका, जे पाहिलं तेवढंच सांगा' असा धीर देणारे सरकारी वकील निवृत्त व्हायचे असले किंवा त्यांची बदली झाली, की गावाला वाटते, सत्कार करू. वाटणे रास्तच आहे. फक्त ज्यांनी कुठल्या गटाची बाजू घेतली नाही, त्यांचा सत्कारही गटाचा होऊ नये. त्यासाठी पायरीपायरीने जाऊ.

1. पद समजून घ्या. 'सरकारी वकील' म्हणून आपण अनेकांना ओळखतो. कळंबसारख्या ठिकाणी दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे तालुक्याच्या फौजदारी कोर्टात, खटले चालवतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. ते पगारी शासकीय अधिकारी असतात. धाराशिवचे जिल्हा सरकारी वकील ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची बाजू विधी सेवा प्राधिकरणाचे वकील मांडतात. त्यांच्यातले काही 'लोकअभिरक्षक', म्हणजे गरीब आरोपींसाठी नेमलेले बचावाचे वकील. पद कळले की पुढचे नियम कळतात.

2. आधी त्यांनाच विचारा. इथेच पहिली चूक होते. पत्रिका छापून झाल्यावर निरोप जातो आणि साहेब अवघडतात. शासकीय अधिकाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू असतात. घरगुती, साधा निरोप चालतो. जाहीर सत्कार किंवा मानपत्र स्वीकारायचे तर पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. निवृत्तीनंतर हा पेच बराच सुटतो. म्हणून शेवटच्या दिवसाचा आग्रह न धरता पुढचा एखादा रविवार धरावा.

3. तारीख ठरवा. चैत्री पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेचे दिवस टाळा. यात्रेच्या प्रथेप्रमाणे गाव चुनखडी वेचायला गेलेले असते, सभेला कोण येणार? निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर कार्यक्रम सरळ पुढे ढकला.

4. वर्गणी आणि भेट. ज्यांचा खटला चालू आहे त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नका. कोर्टातल्या शिपाई-कारकुनांवर वर्गणीची सक्ती नको. जमाखर्च वहीत लिहा. भेट म्हणून शाल, श्रीफळ आणि एखादे पुस्तक पुरते. सोन्याची अंगठी दिली तर पाहणाऱ्याला वाटते, काहीतरी काम करून दिले असणार. आयुष्यभर जपलेले नाव आपल्या प्रेमाने डागाळू नये.

5. फ्लेक्स आणि व्यासपीठ. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सत्कारमूर्तींचा फोटो कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे फोटो वर, असा फ्लेक्स लागला की सत्कार कुणाचा, हेच कळत नाही. फ्लेक्सवर फोटो एकच ठेवा, पक्षाचा रंग नको. अध्यक्ष म्हणून मुख्याध्यापकांना बसवा. सरपंच आणि माजी सरपंच दोघांनाही बोलवा, पण श्रोत्यांत बसवा.

6. मानपत्र लिहिताना. 'इतके खटले जिंकले' असे लिहू नका. सरकारी वकिलाचे काम शिक्षा मिळवणे एवढेच नाही. खरे काय ते कोर्टापुढे ठेवणे हे आहे. सरकारला खटला मागे घ्यावासा वाटला, तरी वकिलाने स्वतः विचार करूनच अर्ज द्यायचा असतो, आणि कोर्टाची संमतीही लागते. नि:पक्षपातीपणा म्हणतात तो हा. चालू खटल्यांचा उल्लेख टाळा. अत्याचारपीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील तर मुळीच नको. तो गुन्हा आहे. त्यापेक्षा साक्षीदाराला दिलेला धीर, वेळेवर येणे, वाचून दाखवलेला जबाब लिहा.

7. भाषणे. दोन उदाहरणे सांगता येतील. एच. एम. सीरवाई 1957 पासून 1974 पर्यंत राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा सल्लागार होते. मुख्यमंत्री बदलले, ते राहिले. महाधिवक्त्याला विधिमंडळात बोलता येते, मत मात्र देता येत नाही. या पदाचे मर्म त्यात आले. दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशाचे. तिथल्या सरकारने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकाच फटक्यात काढले, तेव्हा 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. हे पद सार्वजनिक आहे, सरकारच्या मर्जीवर चालायचे नाही, असा त्याचा अर्थ. पहिले भाषण एखाद्या कारकुनाला किंवा शिपायाला करू द्या. रोज जवळून पाहिलेले तेच सांगू शकतात.

8. शेवटची पायरी. ही बहुतेक जण विसरतात. नवे वकील रुजू झाले असतील तर चहाला त्यांनाही बोलवा. आपला खटला चालू असेल तर पुढची तारीख आणि खटला क्रमांक लिहून ठेवा. जुन्या साहेबांच्या घरी फोन करू नका, कोर्टातल्या कार्यालयात विचारा. माणूस गेला तरी काम अडत नाही, अशी घडी बसवून जाणाऱ्याचा मान यातच राहतो.