‘निघा’ एवढंच सांगणारी घंटा

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, आगीच्या बंबाची घंटा कशी वाजायची ते तोंडाने वाजवून दाखवतील. टण टण टण टण, मध्ये श्वास न घेता. सायरनची नक्कल कुणी इतक्या हौसेने करत नाही.

माझी नोकरी याच पट्ट्यातल्या अग्निशमन केंद्रांच्या वॉचरूममध्ये गेली. फोन उचलायचा, पत्ता लिहून घ्यायचा आणि घंटा द्यायची. आम्हाला शिकवलेलं एकच: आधी घंटा, मग बाकीचं. घंटा पडली की जेवणारा ताटावरून उठायचा, झोपलेला बुटात पाय घालतच पळायचा. कुठे जायचंय, हे बऱ्याच जणांना गाडीत बसल्यावर कळायचं.

घंटा दोन असायच्या. केंद्रातली घंटा माणसं उठवायची, बंबावरची रस्ता मोकळा करायची. ही दुसरी बरीच जुनी. मुंबईत आग विझवणं आधी पोलिसांकडे होतं. १८८८च्या महापालिका कायद्याने ते पालिकेचं काम ठरलं. तेव्हा बंब घोडे ओढायचे. १९०७ साली मुंबईत पहिला मोटारबंब आला, घोडे हळूहळू गेले, पण घंटा मोटारीवर चढून बसली. कारण साधं होतं. तिला वीज लागत नाही, बॅटरी उतरण्याची भीती नाही, दोरी ओढणारा एक हात पुरतो. शिवाय धातूवरचा ठोका हॉर्नच्या गोंगाटात वेगळा ऐकू येतो.

आमच्या भागात कानांना ओळखायला आवाज बरेच होते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, मागोमाग डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली. पाळी बदलल्याचा भोंगा वेगळा, देवळातली घंटा वेगळी, बंबाची वेगळी. पुढे वाहनं इतकी वाढली की ठोका त्यांत बुडायला लागला. सायरन एका बटणावर वाजतो आणि लांबून ऐकू येतो. केंद्रातही विजेची घंटा आणि वायरलेस आले. पितळी घंटा जिथे उरली तिथे तिला दसऱ्याला झेंडूची माळ मिळते.

मला घंटेचं कौतुक आहे, पण तिची मर्यादाही मी रोज पाहिली. तिला एकच गोष्ट सांगता येते: ‘निघा’. कशाकडे निघालोय, हे ती सांगत नाही.

याची सर्वात मोठी किंमत १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली गेली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट उभी होती. तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. दुपारी एका होल्डमधून धूर निघाला. बोटीवर स्फोटकं असल्याचं सांगणारा लाल बावटा लावलेला नव्हता. आग गंभीर आहे असं कळवायला धावलेल्या जवानाला जो फोन सापडला, त्याला डायलच नव्हती. म्हणून त्याने जवळच्या अलार्मची काच फोडली. अलार्मने ‘आग’ एवढंच कळवलं, आणि नेहमीच्या आगीला जातात तेवढेच बंब आधी निघाले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

हे फार जुनं झालं असं वाटत असेल तर कल्याण पूर्वेला या. १ नोव्हेंबर २०१८ रोजी तिथल्या एका विहिरीत साफसफाईला उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला शोधायला आणखी दोघे उतरले. मग अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. विषारी वायूने पाचही जण गेले. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले, तेव्हा लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा ठिकाणी जाणाऱ्या माणसाला पाण्याइतकीच माहितीची गरज असते. आत कोणतं रसायन आहे? त्यावर पाणी मारायचं की फोम? आत कुणी आहे का?

रोजच्या फोनवर मात्र वेगळंच ऐकू यायचं. “साहेब, लवकर या, स्टेशनजवळ आग लागलीय!” कुठल्या स्टेशनजवळ? “डोंबिवली!” पूर्व की पश्चिम? तोवर फोन ठेवलेला. डोंबिवलीत गाडी चुकून रुळांच्या दुसऱ्या बाजूला गेली तर कोपरच्या नाहीतर ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालून यावं लागतं. तेवढ्यात गादीला लागलेली आग खोलीभर होते. “साईबाबा मंदिरासमोर” हाही असाच पत्ता. आमच्याकडे साईबाबांची मंदिरं किती, ते साईबाबांनाच ठाऊक.

म्हणून, कुणी विचारलं नाही तरी, निवृत्त माणसाचा एक सल्ला. १०१ फिरवलात की आधी शहर आणि पूर्व-पश्चिम सांगा. मग रस्ता, इमारतीचं नाव, मजला. मग काय जळतंय: सिलिंडर, वायरिंग, रसायन, कचरा. मग आत कुणी अडकलंय का. शेवटी स्वतःचा नंबर. आणि समोरच्याने “ठीक आहे” म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. शक्य असेल तर एका माणसाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा आणि आडव्या लावलेल्या गाड्या काढायला लावा.

घंटा होती तेव्हाही अर्धं काम फोन करणाऱ्याचंच होतं, आणि सायरन आल्यावरही ते तसंच राहिलं आहे.